आत आश्विन, बाहेर फाल्गुन

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध दुरुस्तीकार राहत असत. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे. उमेदीच्या काळात त्यांनी बोटीवर बिनतारी संदेशाचं काम केलं होतं, आणि जमिनीवर परतल्यावर ते गावातली आजारी यंत्रं बरी करू लागले. आधी रेडिओ आले, मग दूरदर्शनचे संच, मग संगणक. यंत्रं बदलत गेली, अण्णांची पद्धत तीच राहिली. ते आधी बराच वेळ नुसते बघत बसत. लोक म्हणत, अण्णा यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याची ख्यालीखुशाली विचारतात.

त्यांच्या हाताखाली भार्गव नावाचा एक शिष्य होता. मोठा हुशार. कळफलकावर त्याची बोटं अशी फिरत की बघणाऱ्याला वाटावं, हा पेटीच वाजवतो आहे. दोष असेल तर एवढाच, की यंत्र ‘नाही’ म्हणालं की त्याला राग येई. जणू आपल्यालाच कोणी उंबऱ्यावरून परत पाठवलं.

त्याच गावात दामूशेठ यांचं दुकान होतं. संगणकावर जन्मपत्रिका काढून देणं हा त्यांचा मुख्य उद्योग. त्याशिवाय विजेची बिलं, गाडीची तिकिटं, झेरॉक्स, गावाला लागेल ते. दामूशेठचे वडील पंचांग पुढ्यात घेऊन हातानं पत्रिका मांडत असत, आणि मुलालाही त्यांनी ते शिकवलं होतं. पण संगणक आला, पत्रिकेचा प्रोग्राम आला, आणि जे काम करायला सकाळ जाई ते चहा निवेपर्यंत होऊ लागलं. मग हात कशाला शिणवायचे? पंचांग फळीवर गेलं ते तिथंच राहिलं.

शिमगा तोंडावर आला होता. एका दुपारी सायली नावाची एक तरुण बाई तान्ह्या मुलीला घेऊन या दुकानात आली.

सायलीचा नवरा रूपेश मालवाहू जहाजावर होता. भर समुद्रात मोबाईल चालत नाही. त्याच्या कंपनीनं खलाशांच्या घरच्यांसाठी एक सोय केली होती. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी कंपनीचं पान संगणकावर उघडायचं, आणि उपग्रहामार्फत जहाजाशी बोलायचं. गावात इंटरनेट असलेला चालता संगणक दामूशेठकडेच. गणपतीत सायली इथूनच नवऱ्याशी बोलली होती. त्यानंतर पौषात मुलगी झाली. बापानं तिला अजून पाहिलं नव्हतं, तिचा आवाजही ऐकला नव्हता.

आणि मुलीला अजून नाव नव्हतं.

“मुलगी झाली तर नाव मी सांगणार,” असं रूपेश जाताना म्हणाला होता, आणि सायलीनं त्याला शब्द दिला होता. म्हणून बारसं थांबवलेलं. पण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारोदार येते. गुरव उंबऱ्याशी उभा राहून गाऱ्हाणं घालतो, आणि त्यात घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन देवीला सांगतो की यांना सांभाळ. सासऱ्यांनी निक्षून सांगितलं होतं, “पालखी दारात येईल तेव्हा माझ्या घरात बिननावाचं पोर असता कामा नये. आज त्याचं बोलणं झालं तर ठीक, नाहीतर उद्या मी ठेवतो ते नाव.” जहाज आजच्यानंतर लांबच्या पाण्यात जाणार होतं. बोलण्याची पुढची पाळी पावसाळ्याआधी नव्हती.

तिची आजची वेळ तीन वाजताची होती. जेवणं उरकून गाव निजला होता, तेव्हाच ती येऊन बसली.

दामूशेठनी कंपनीचं पान उघडलं. पान उघडलं, पण आत जाऊ देईना. कंपनीनं नव्या वर्षात जुनं प्लगइन काढून नवं आणलं होतं. ते बसवा आणि मग या, अशी सूचना तिथं होती. आता प्लगइन म्हणजे काय, तर ब्राउझर ही संगणकाची खिडकी धरली, तर तिला वेगळी जोडून घ्यायची एक झडप. ती बसली की बोटीवरचा आवाज आत यावा आणि आतला बोटीवर जावा. दामूशेठनी ते उतरवून घेतलं, बसवू लागले, तर बसेना. त्यांनी भार्गवला बोलावणं धाडलं.

भार्गव आला, खुर्ची ओढून बसला, आणि त्याची बोटं चालू लागली. त्यानं प्लगइन पुन्हा उतरवलं. जुनं काढून टाकलं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बसवून पाहिलं. मालकाच्या अधिकारानं बसवून पाहिलं. प्रत्येक वेळी शेवटच्या पायरीवर तीच छोटी चौकट पडद्यावर येई आणि सगळं जिथल्या तिथं राही.

“काय म्हणतंय ते?” सायलीनं विचारलं.

“काही नाही वहिनी. म्हणतंय, यावरची सही अजून लागू झालेली नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. सही आहे, मी बघितली. यंत्रं बोलतात काहीतरी.”

दामूशेठ मागं उभे होते. म्हणाले, “भार्गवा, तू तेच तेच परत करतोयस. आवर्तनं चाललीत तुझी.”

“तुमचं यंत्रच हट्टी आहे, शेठ. मालकावर गेलंय.”

शेवटी भार्गवनं संगणकाचा राखणदारच बंद केला. संगणकात असा एक पहारा असतो. बाहेरून येणारं प्रत्येक बाड तो तपासतो आणि संशय आला तर दारात अडवतो. भार्गवला वाटलं, अडवणारा हाच. पण पहारा उठला तरी चौकट आलीच.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत आले होते. मुलीची आईच्या मांडीवर चुळबुळ सुरू झाली होती. भार्गवनं तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि उठून अण्णांना आणायला गेला.

अण्णा आले. चप्पल बाहेर काढून ठेवली, मुलीच्या पावलाला बोट लावलं, आणि खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत राहिले. भार्गव धाप टाकत मागं उभा.

“काय काय केलंस?”

भार्गवनं सगळं सांगितलं. पहारा उठवल्याचंही सांगितलं.

“तो आधी परत बसव.”

“अण्णा, वेळ नाहीये. आणि तो नसतानाच बसत नाही, तर तो असताना कसं बसणार?”

“बसव तू.”

भार्गवनं धुसफुसत पहारा पूर्ववत केला. अण्णांनी प्लगइन एकदा स्वतःच्या डोळ्यांदेखत बसवायला लावलं. चौकट आली. भार्गवनं सवयीनं ती मिटवायला हात पुढं केला, तर अण्णांनी त्याचा हात धरला आणि चौकटीतला मजकूर सावकाश वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचला.

मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला. “शेठ, अलीकडे हे यंत्र काही वेगळं वागलं का?”

“नाही बा,” दामूशेठ म्हणाले. “काही पानं उघडत नाहीत हल्ली, पण ते इंटरनेटचं. आमच्याकडचं नेट तुम्हाला ठाऊकच आहे.”

सायली हळूच म्हणाली, “हिची पत्रिका काढली होती ना शेठ, त्यात वय उणे आलं होतं. उणे काही महिने. तुम्ही पेनानं खोडून दिलंत.”

“छापण्यातली चूक ती.”

“सासूबाई तर घाबरल्याच होत्या. म्हणाल्या, अगं, ही जन्मली की नाही?”

भार्गव हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिथं अगदी बारीक अक्षरांत वेळ आणि तारीख असते. ते उठले, दामूशेठच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना ओट्यावर घेऊन गेले.

“शेठ, बाहेर बघा आणि कोणता महिना चालू आहे ते सांगा.”

“अण्णा, मी पंचांगवाला. मला महिना विचारता? फाल्गुन. ती बघा, पोरं होळीला लाकडं ओढतायत. आमच्या परसातलं वाळकं माडाचं खोड काल नेलं त्यांनी, न विचारता.”

“आणि आत कोणता आहे?”

दामूशेठचा चेहरा पडला.

आत आश्विन होता. कसा, ते दामूशेठनी अडखळत सांगितलं. गेल्या दसऱ्याला दामूशेठनी पत्रिकेचा एक नवा प्रोग्राम संगणकावर घातला होता. तो महिनाभर नमुन्यादाखल वापरता येई; मग मुदत संपे आणि तो मिटे. महिना भरत आला तेव्हा कोणीतरी युक्ती सांगितली, की संगणकाची तारीख मागं ओढा, त्याला काय कळतंय. त्यांनी ती दसऱ्यावर नेऊन ठेवली, आणि संगणक आपणहून खरी वेळ विचारून घेतो ती सोयही बंद केली. संगणक पुन्हा दिवस मोजत पुढं येई, महिना भरत आला की दामूशेठ त्याला पुन्हा दसऱ्याला नेऊन सोडत. बाहेर दिवाळी झाली, संक्रांत झाली, आंब्याला मोहोर येऊन कैऱ्या धरल्या. आत मात्र दसरा उलटून महिना काही पार पडला नव्हता.

“कुणाचं काय गेलं यात?” दामूशेठ खालच्या आवाजात म्हणाले. “यंत्र ते. त्याला काय सण आणि काय वार.”

“त्यानं तुमचं ऐकलं, शेठ,” अण्णा म्हणाले. “तुम्ही म्हणालात दसरा, ते म्हणालं दसरा. आता हे प्लगइन पौषातलं आहे. लिहिणाऱ्यानं त्यावर सही केलीय, आणि त्या सहीला एक साक्षीदार आहे, तो सांगतोय की ही सही पौषापासून धरा. तुमचं यंत्र ती बघतं आणि म्हणतं, पौष अजून यायचाय. सही करणारानं अजून लेखणी उचललेली नाही. मग हे माझ्या दारात आलं कुठून? ते नाही म्हणतंय, आणि त्याच्या ठिकाणी तुम्ही असता तर तुम्हीही नाहीच म्हणाला असता.”

भार्गव दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं कपाळाला हात लावला, वळला आणि खुर्चीकडे झेपावला. तारीख सरळ करायला असा किती वेळ लागतो? एक खटका.

“हात काढ तिथून,” अण्णा म्हणाले.

“अण्णा?”

“शेठ,” अण्णा म्हणाले, “खरी तारीख लागली की तुमचा पत्रिकेचा प्रोग्राम मिटणार, आणि पुन्हा मागं ओढून उघडायचा नाही. एकदा त्यानं फाल्गुन पाहिला की त्याला कळतं. तो तसाच केलेला असतो. पुढं अक्षय्य तृतीया आहे, लग्नसराई आहे, तुमचा हंगाम आहे. हे सगळं ध्यानात घेऊन काय ते तुम्ही करा. खुर्ची तुमची आहे.”

एवढं बोलून अण्णा ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि समुद्राकडे बघू लागले.

भार्गवला हे काही केल्या उमगेना. आत एक बाई तान्हं मूल घेऊन बसली आहे, तिचा नवरा समुद्राच्या पाठीवर कुठंतरी यंत्रापाशी येऊन थांबला असेल, घड्याळाचा काटा चालला आहे. इलाज सापडला आहे, एका बोटाचं काम आहे. आणि ज्याच्या हातात इलाज आहे तो पायरीवर बसून वारा खातो आहे. हा कसला धर्म, आणि ही कसली वेळ तो पाळण्याची? तो अण्णांजवळ जाऊन काही बोलणार, तोच आतून सायलीचा आवाज आला.

“राहू द्या शेठ. तुमचं पोट आहे त्याच्यावर. सासरे ठेवतील नाव. ह्यांना मी सांगेन कधीतरी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं दुपट्याची घडी केली, मुलीला खांद्यावर घेतलं आणि ती उठली सुद्धा.

दामूशेठ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बस ग जागेवर. उठली लगेच.”

ते खुर्चीवर बसले. बंद केलेली ती सोय उघडली. माऊसवर हात ठेवून क्षणभर थांबले, देवापुढं बेल वाहताना माणूस थांबतो तसे. आणि खटका दाबला.

भार्गव सांगतो, की तो क्षण तो जन्मात विसरणार नाही. यंत्रानं विचारणा केली. कुणाला, कुठं, कोण जाणे. आणि कुठूनतरी उत्तर आलं. पापणी लवायच्या आत कोपऱ्यातली तारीख बदलली. दिवाळीचे दिवे, तुळशीचं लग्न, थंडी, तीळगूळ, मोहोर, सगळं त्या एका पापणीत पार पडलं, आणि आतला महिना बाहेरच्या महिन्याला येऊन मिळाला.

“झाली दिवाळी,” दामूशेठ पुटपुटले.

भार्गवनं प्लगइन बसवायला घेतलं. या वेळी त्याची बोटं सावकाश चालत होती. चौकट आली नाही. पहारेकरी जागा होता, त्यानं बाड तपासलं, सही पाहिली, साक्षीदाराचं नाव पाहिलं, आणि बाजूला झाला. पान उघडलं. गोल गोल फिरणारं एक चिन्ह दिसलं, आणि तीन वाजून गेल्यावर थोड्या वेळानं खरखर ऐकू आली. वाऱ्याची की यंत्राची, सांगता येत नव्हतं.

“हॅलो? सायली?”

चित्र नव्हतं. तेवढी रुंद वाट समुद्रावर मिळत नाही. आवाज तेवढा होता. इथं बोललेला शब्द आभाळात चढायचा आणि उतरायचा, तिकडचा शब्द तसाच वळसा घालून यायचा, आणि मध्ये प्रत्येक वेळी एका श्वासाएवढी शांतता पडायची. त्या शांततेत दुकानात कोणी हलत नव्हतं. दामूशेठनी पंखा बंद केला.

“ही आहे,” सायली म्हणाली. “बोला तिच्याशी.”

शांतता. मग तिकडून गळा साफ केल्याचा आवाज.

“काय बोलू? काय बोलायचं असतं?”

“नाव सांगा. तुमच्यासाठी थांबवलंय सगळ्यांना.”

पुन्हा तो श्वास. मुलीनं तेवढ्यात एक हुंकार दिला आणि तो वर गेला. सगळ्यांना कळलं की आत्ता तो आभाळात आहे. आणि मग तिकडून काहीच आलं नाही, श्वास संपला तरी आलं नाही. सायलीनं घाबरून भार्गवकडे पाहिलं. भार्गवनं पडद्याकडे पाहिलं. जोडणी शाबूत होती. माणूसच गप्प झाला होता.

“अरुंधती,” शेवटी आवाज आला. “आपल्या लग्नात भटजींनी दाखवली होती बघ, सप्तर्षींजवळ. भर दुपारी. तू म्हणालीस दिसली, मी पण म्हणालो दिसली.”

“खोटं बोललो दोघं,” सायली म्हणाली.

शांतता. मग हसल्याचा आवाज.

“इथून दिसते ग. कधी ढग नसला की अगदी स्पष्ट दिसते. म्हणून.”

सायलीनं मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. कर्ण्यातून बापाचा आवाज पुन्हा आला, “अरुंधती.” मुलीनं मान वळवली, आवाज आला त्या बाजूला. त्या बाजूला एक डबा होता आणि त्यामागं भिंत होती. ती तिकडे टक लावून बघत राहिली. अण्णा पायरीवरून उठून दारात आले होते. त्यांनी हात जोडले, ते कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

बोलणं संपलं. आवाज आला तसा गेला. सायली डोळे पुसत निघाली आणि दाराशी थांबून दामूशेठना वाकून नमस्कार करू लागली, तर ते दोन पावलं मागं सरले. ती गेल्यावर त्यांनी पत्रिकेचा प्रोग्राम उघडून पाहिला. मुदत संपली आहे, असं त्यानं सांगितलं आणि तो मिटला. दामूशेठ म्हणाले, “हं.”

परतताना गुरुशिष्य किनाऱ्यानं चालले होते. ओहोटी लागली होती. बरंच अंतर गेल्यावर भार्गव म्हणाला, “अण्णा, एक विचारू का? तुम्हाला कोपरा बघताक्षणी सगळं कळलं होतं. तुम्हीच का नाही केलं? वेळ चालला होता. शेठ नाही म्हणाले असते तर?”

अण्णा चालायचे थांबले.

“तर बाईची बोलायची संधी गेली असती, आणि मला आज जेवण गेलं नसतं. पण ती तारीख मी कशी सरळ करणार? ती मी वाकवली नव्हती. यंत्राला एक गोष्ट शेठनी सांगितली होती, यंत्रानं ती खरी धरली. मी जाऊन दुसरी सांगितली असती, तर त्यानं तीही धरली असती, आणि संध्याकाळी शेठ बसले असते तिसरी सांगायला. शिवाय त्यांचा धंदा मी त्यांच्या नकळत बुडवला असता. ज्यानं सांगितलं त्यानंच ते परत घ्यायला हवं. ते घेताना काय जातंय हे डोळ्यांपुढं ठेवून घेतलं, तरच ते परत घेणं टिकतं.”

ते पुढं म्हणाले, “मी बोटीवर होतो तेव्हा रोज ठरल्या वेळी किनाऱ्यावरून ठोके यायचे. कानाला लावायचं यंत्र लावून मी ते ऐकायचो आणि कप्तानाला खूण करायचो, तो घड्याळ जुळवायचा. सूर्य तर कुणालाही दिसतो. पण घड्याळ चुकलं तर सूर्य बघूनही बोट कुठं आहे ते कळत नाही. काळ चुकला की जागा चुकते. मी तेव्हा विचार करायचो, की या घटकेला साऱ्या समुद्रांवर माझ्यासारखी किती माणसं हाच ठोका ऐकत असतील. कोणी कोणाला दिसत नाही. कोणाचं नाव कोणाला ठाऊक नाही. तो एक ठोका आहे म्हणून आम्ही एकमेकांच्या वाटेत आडवे येत नाही. अंगावर काटा यायचा, भार्गवा. आज त्या खोलीत पुन्हा आला. ते यंत्र, आभाळातलं ते दुसरं, बोटीवरचं तिसरं, आणि सही करणारा तो कुठला कोण माणूस, या सगळ्यांचं एका क्षणावर एकमत झालं, तेव्हा कुठं बापाच्या तोंडातलं नाव पोरीच्या कानात पडलं. एवढं मोठं एकमत, आणि आपण त्यात कोपऱ्यातली एक तारीख खोटी धरतो आणि म्हणतो, कुणाचं काय गेलं.”

भार्गव वाळूकडे बघत होता. “मी तर राखणदारच उठवला होता,” तो म्हणाला.

“हो. तो नाही म्हणत होता म्हणून. पण नाही म्हणणारा प्रत्येक जण वैरी नसतो रे. त्याच्याजवळ जेवढं खरं म्हणून दिलेलं असतं, तेवढ्याला धरून तो उभा असतो. त्याला ढकलू नये. त्याला काय दिलं गेलंय ते बघावं.”



दुसऱ्या दिवशी भार्गव काही सुटा भाग आणायला बाजारात निघाला होता, तो दामूशेठच्या दुकानाशी रेंगाळला. संगणक चालू होता, पण दामूशेठ त्याच्याकडे पाठ करून बसले होते. पुढ्यात पंचांग, कोरा कागद, पट्टी. फळीवरची धूळ अजून त्यांच्या बाहीला होती. कुंडलीची चौकट आखताना रेघ वाकडी गेली होती, ती खोडून ते दुसरी आखत होते.

“ये,” ते म्हणाले. “हात विसरलाय सगळं. डोळे तर त्याच्याही पुढं गेलेत, हे बारीक आकडे काही दिसत नाहीत.” मग पट्टी खाली ठेवून त्यांनी भार्गवकडे तिरकं पाहिलं. “काय रे, त्या मिटलेल्या प्रोग्रामचं कुलूप काढायची काही युक्ती असेल ना? तुला ठाऊक असणार.”

“ठाऊक आहे,” भार्गव म्हणाला.

तो खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसला, पंचांग आपल्याकडे घेतलं आणि म्हणाला, “कोणत्या पानावरचे आकडे वाचू?”

दार उघडत नसेल, तर दाराशी भांडण्याआधी आपण त्याला काय सांगून ठेवलं आहे, ते एकदा आठवून पाहावं.